चाक मोडल्याचे दुःख नाही, काळ सोकावतो!

पनवेल हे गाव एके काळी चाकांसाठी प्रसिद्ध होते, ही गोष्ट आज कित्येक पनवेलकरांनाही ठाऊक नसेल. विसाव्या शतकाच्या आरंभी निघालेल्या सरकारी गॅझेटिअरात पनवेलचा मुख्य धंदा म्हणून बैलगाडीची चाके तयार करण्याच्या उद्योगाचा उल्लेख आहे. घाटावरून माल घेऊन उतरलेला गाडीवान परत जाताना येथून चाकांच्या दोन-चार जोड्या घेई आणि आपल्या मुलुखात नेऊन विकी, असेही तेथे नमूद केलेले आहे. १८३० साली बोरघाटाचा रस्ता गाड्यांना खुला झाल्यावर देशावरचा माल या वाटेने बंदरावर उतरू लागला आणि त्या वाहतुकीबरोबर हा धंदाही वाढला. सुताराने तुंबा घडवावा, त्यात आरे बसवावेत, लोहाराने लोखंडी धाव लाल होईपर्यंत तापवून चाकावर चढवावी आणि वर पाणी ओतावे. थंड होताना ती धाव आवळे आणि सारे चाक एकजीव होई. असे चाक घाटातील दगडधोंडे तुडवीत वर्षानुवर्षे चाले.

त्याच पनवेल तालुक्यात आज चाके घडत नाहीत, मोडतात. ती मोडण्यासाठी घाट चढावा लागत नाही. घरापासून स्टेशनपर्यंतचा रस्ता पुरतो.

विचुंबे येथे राहणारे आमचे एक जुने विद्यार्थी परवा भेटावयास आले होते. एका खाजगी कंपनीत हिशेबनीस असलेले हे गृहस्थ. सहा वर्षांपूर्वी कर्ज काढून त्यांनी एक लहान मोटार घेतली. गेल्या श्रावणात एका रात्री कुटुंबासह घरी परतत असता त्यांच्या गाडीचे पुढचे डावे चाक पाण्याने भरलेल्या खड्ड्यात आदळले. वरून पाहता ते नुसते डबके होते. आत वीतभर खोली होती. कोणत्या रस्त्यावर हे घडले ते आम्ही मुद्दाम सांगत नाही, कारण तसे रस्ते तालुक्यात एक नव्हे, अनेक आहेत आणि एकाच रस्त्याचे नाव घेणे हा त्या रस्त्यावर अन्याय होईल. गाडी कशीबशी घरी आली. सकाळी पाहतात तो टायरच्या कडेला लिंबाएवढा फुगा आलेला आणि अलॉय व्हीलच्या आतल्या बाजूस केसासारखी बारीक चीर. गॅरेजच्या मिस्त्रीने सांगितले, ‘लोखंडी रिम असती तर ठोकून सरळ केली असती. ही अॅल्युमिनियमची, हिला चीर गेली की ती भंगारात.’ नवे चाक, नवा टायर, अलाइनमेंट, बॅलन्सिंग, शिवाय मोडलेला एक जॉइंट, सारे मिळून सतरा हजार रुपये गेले.

विम्याचे काय, असे आम्ही विचारले. त्यांनी पॉलिसीचा कागदच समोर ठेवला. टायरचे नुकसान विमा कंपनी भरून देते, पण केव्हा? त्याच अपघातात गाडीच्या इतर भागासही इजा झाली असेल तरच. आणि देते ती नव्या टायरच्या किमतीच्या निम्मी रक्कम. शिवाय प्रत्येक दाव्यातून ठरावीक पहिली रक्कम मालकाने स्वतः सोसावयाची. त्याहून मोठी गोम पुढे आहे. सलग पाच वर्षे दावा केला नाही म्हणून हप्त्यावर मिळणारी पन्नास टक्क्यांची सवलत एका दाव्याने नाहीशी होते. टायरसाठी वेगळे विमासंरक्षण आता मिळते. पण त्याचा हप्ताही वेगळा. थोडक्यात, खड्डा दुसऱ्याचा आणि दंड आपला! गृहस्थांनी हिशेब मांडला, दावा केला नाही आणि पैसे भरून मोकळे झाले.

ते आमच्याकडे पैशाचे रडगाणे घेऊन आले नव्हते. त्यांचा प्रश्न निराळाच होता. ‘सर, पैसे गेले ते गेले. पण तक्रार करायची तर कुणाकडे, एवढे तरी सांगा.’ एका कार्यालयात त्यांना सांगण्यात आले की हा रस्ता आमच्याकडे नाही. दुसऱ्या कार्यालयाने तिसऱ्याचे नाव सांगितले आणि तिसऱ्याने पुन्हा पहिल्याकडे बोट दाखविले. चाळीस वर्षांपूर्वी आम्ही ज्यांना वर्गात नागरिकशास्त्र शिकविले, त्यांच्या या साध्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस चटकन देता आले नाही, हे कबूल करावयास आम्हांस संकोच वाटतो. आजचा हा अग्रलेख म्हणजे त्या राहिलेल्या उत्तराचा प्रयत्न होय.

आधी व्यवहाराचे बोलू. ज्याची गाडी उद्या सकाळी याच रस्त्याने जाणार आहे, त्याला तत्त्वज्ञान नंतर ऐकविलेले बरे. खड्ड्यात चाक आदळते तेव्हा त्याची कड टायरला रिमवर चेपते आणि टायरच्या भिंतीतील दोरे तुटतात. मग आतील हवा त्या दुबळ्या जागी रबराला बाहेर ढकलते. तोच तो फुगा. तो फुगा पंक्चर नव्हे, त्यावर ठिगळ चालत नाही. असा टायर वेगात केव्हाही फुटू शकतो, म्हणून ‘पुढच्या महिन्यात बघू’ हे धोरण येथे प्राणघातक ठरू शकते. टायरमध्ये हवा कमी असेल तर हा चेपा अधिक जोराने बसतो. यास्तव पावसाळ्यात हवेचा दाब नियमाने तपासावा. खड्डा अगदी समोर आल्यावर ब्रेक दाबून ठेवणे हीदेखील चूक आहे. ब्रेक लावलेल्या गाडीचा भार पुढच्या चाकांवर येतो आणि आघात दुणावतो. वेग आधी कमी करावा, चाक खड्ड्यात उतरते त्या क्षणी ब्रेक सोडावा आणि स्टिअरिंग सरळ धरावे. खड्डा चुकविण्यासाठी एकाएकी बाजूला वळविलेली गाडी शेजारच्या स्कूटरवाल्याचा जीव घेऊ शकते, हेही विसरू नये. धक्का बसल्यावर सुरक्षित जागी थांबून टायर आतल्या बाजूनेही पाहावा. चीर आणि फुगा पुष्कळदा तेथेच लपलेले असतात. पुढे गाडी एका बाजूला ओढू लागली किंवा स्टिअरिंग थरथरू लागले, तर अलाइनमेंट बिघडली आहे किंवा रिम वाकली आहे असे समजावे.

हे सारे उपाय योग्य आहेत आणि ते अवश्य करावेत. परंतु त्यांत एक खोच आहे. हे सारे उपाय चाकाच्या मालकाने करावयाचे आहेत. रस्त्याच्या मालकाने करावयाचा उपाय त्यांत एकही नाही. पायात काटा मोडला तर पाय कसा जपावा, याचे धडे आम्ही घेत बसलो आहोत. काटे पेरणाराचा पत्ता विचारण्याचे भान मात्र आम्हांस राहिलेले नाही.

पावसाला दोष देण्याची आपली जुनी सवय आहे. कोकणात पाऊस पडतो. पनवेलच्या परिसरात तो वर्षाला शंभर इंचांच्या वर पडतो. पण तो काही चालू सालापासून पडू लागलेला नाही! डांबराचा वैरी पाणी आहे, ही गोष्ट अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. रस्त्याला बारीक भेगा पडतात, त्यांतून पाणी खाली उतरते, खडीला धरून ठेवणारे डांबर सुटू लागते. वरून जड वाहन गेले की ते अडकलेले पाणी पंपासारखे दाबले जाते आणि खालचा थर पोखरून काढते. मग एक दिवस वरचा पापुद्रा खचतो. म्हणजे खड्डा दिसतो पावसाळ्यात, पण तो जन्माला येतो त्याच्या कितीतरी आधी. रस्त्याला मध्यभागी उंचवटा आणि कडेला वाहते गटार नाही, तेथे त्याचा पाया पडतो. उन्हाळ्यात भेगा बुजविल्या नाहीत, तेथे तो वाढीस लागतो. केबल किंवा नळ टाकण्यासाठी खोदलेला चर मातीने बुजवून वर डांबराचा हात फिरविला जातो, तेथे त्याचे बारसे होते. पावसाने फक्त झाकण उघडावयाचे असते. आणि मग भर पावसात, साचलेल्या पाण्यात खडी टाकून खड्डा ‘भरला’ जातो. चार दिवसांत ती खडी रस्त्यावर पसरते आणि जेथे एक संकट होते तेथे दोन होतात. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, अशातला हा प्रकार आहे.

या दळणाचे दाणे कोणाच्या घरचे, हेही एकदा स्पष्ट झाले पाहिजे. मोटारवाला रस्ता फुकट वापरीत नाही. १९२७ साली हिंदुस्थानातील रस्त्यांचा विचार करण्यासाठी जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. मोटारींची वाढती रहदारी रस्त्यांवर जो भार टाकते, त्याची भरपाई पेट्रोलवरील जादा कराने करावी आणि तो पैसा रस्त्यांवरच खर्च व्हावा, हे त्या समितीचे सूत्र होते. त्यानुसार १९२९ साली पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला आणि केंद्रीय रस्ते निधी अस्तित्वात आला. पुढे २००० साली संसदेने त्या निधीसाठी कायदा केला. पेट्रोलच्या प्रत्येक लिटरमागे आपण आजही रस्त्यांच्या नावाने उपकर भरतो. शिवाय महाराष्ट्रात मोटार घेताना एकरकमी कर द्यावा लागतो. व्यक्तीच्या नावावरील दहा लाख रुपयांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर त्याचा दर अकरा टक्के. मोठ्या रस्त्यांवरील टोल निराळाच. जयकरांच्या सूत्रात एक करार गृहीत होता: वाहनवाल्याने पैसे द्यावेत आणि सरकारने रस्ता द्यावा. आज कराराची पहिली बाजू पेट्रोलपंपावर रोज रोखीने पाळली जाते. दुसऱ्या बाजूचे काय?

दुसऱ्या बाजूस न्यायालयांनी वेळोवेळी बजावलेले आहे. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी मुंबईतील खड्ड्यांविषयी मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहिले आणि न्यायालयाने त्यावरून स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. २०१५ साली याच प्रकरणात न्यायालयाने सांगितले की सुस्थितीतील रस्ते मिळणे हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदाने दिलेल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. २०१८ च्या डिसेंबरात, २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत देशात खड्ड्यांमुळे १४,९२६ माणसे मेली, हा आकडा पाहून सर्वोच्च न्यायालयाने उद्वेग व्यक्त केला. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात नवे कलम आले: रस्त्याची रचना, बांधणी वा निगा ठरलेल्या दर्जाची न राखल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व ओढवले, तर जबाबदार अधिकारी वा कंत्राटदारास एक लाख रुपयांपर्यंत दंड. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केरळातील एका नादुरुस्त महामार्गावरील टोलवसुली तेथील उच्च न्यायालयाने थांबविली आणि तो निर्णय सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने कायम ठेवला. आणि १३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये, जखमी झाल्यास इजेच्या मानाने पन्नास हजार ते अडीच लाख रुपये. ही भरपाई दावा केल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत द्यावयाची आणि दोषी अधिकारी, अभियंते वा कंत्राटदार यांच्याकडून ती वसूल करावयाची.

या निर्णयाचे आम्ही मनापासून स्वागत करतो. परंतु हे सारे वाचीत असता आमच्या विद्यार्थ्याचे ते चिरलेले चाक आम्हांस पुनःपुन्हा आठवत होते. कायद्याने माणसाचा मृत्यू जमेस धरला, मोडलेले हाड जमेस धरले. मोडलेले चाक मात्र कोणाच्याच खात्यावर नाही. कोणी म्हणेल, ते असूही नये. जेथे माणसे मरतात तेथे सुखवस्तूंच्या मोटारींची रडगाणी कशाला? आक्षेप बिनतोड वाटतो, पण तो बरोबर नाही.

खड्डा जन्मला त्याच दिवशी माणूस मारीत नाही. तो आधी हादरे देतो, मग टायर फाडतो, मग रिम वाकवितो आणि एका रात्री, पाऊस जोराचा असताना, दिवे बंद असताना, एखाद्या स्कूटरवाल्याला मागून येणाऱ्या ट्रकखाली लोटतो. ज्या खड्ड्यात मोटारवाल्याचे सतरा हजार जातात, त्याच खड्ड्यात स्कूटरवाल्याचे प्राण जातात. मुंबईतील दादाराव बिल्होरे यांचा सोळा वर्षांचा मुलगा २०१५ च्या पावसाळ्यात रस्त्यातील अशाच खड्ड्यामुळे गेला आणि त्यानंतर त्या बापाने स्वतःच्या हातांनी शहरातील खड्डे बुजविण्यास प्रारंभ केला. सरकारी यंत्रणेने करावयाचे काम एका शोकाकुल बापाने करावे, याहून मोठे आरोपपत्र आमच्या कारभारावर कोणी लिहू शकणार नाही. त्या खड्ड्याने त्या दिवसापूर्वी कोणाची चाके मोडली होती की नव्हती, हे सांगणारी नोंदवही कोठे असणार? मोडलेले चाक ही रस्त्याने आपल्या मालकास दिलेली सर्वांत स्वस्त सूचना असते. ती नोंदविलीच नाही, तर पुढची सूचना माणसाच्या प्राणांनीच मिळावयाची. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो, असे आमचे पूर्वज म्हणत आले. चाकाचेही तसेच आहे.

इतर देशांनी हे ओळखलेले आहे. इंग्लंडमध्ये १९८० च्या महामार्ग कायद्यानुसार रस्ता राखणे हे तेथील स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य असून, त्यात कसूर झाल्यामुळे गाडीचे नुकसान झाले तर नागरिक त्याची भरपाई मागू शकतो. प्राधिकरणाला बचाव आहे. पण तो ‘पाऊस फार झाला’ एवढाच नव्हे. रस्त्याची वेळोवेळी तपासणी केली, वाजवी काळजी घेतली, हे त्याला नोंदी दाखवून सिद्ध करावे लागते. म्हणजे भरपाईच्या भीतीने तेथे तपासणीची वही भरली जाते. खरा लाभ आहे तो त्या वहीचा. न्यूयॉर्कची कथा तर मोठी मासलेवाईक आहे. दाव्यांनी त्रासलेल्या त्या शहराने १९७९ साली नियम केला की ज्या दोषाची लेखी सूचना आधी मिळालेली नाही, त्याबद्दल शहर जबाबदार राहणार नाही. तेथील वकिलांनी काय करावे? त्यांनी एक संस्थाच काढली आणि रस्त्यांतील व पदपथांवरील दोषांचे नकाशे तयार करून ते शहराला लेखी सादर करण्यास आरंभ केला. ‘आम्हांस ठाऊक नव्हते’ हे सरकारी उत्तर त्यामुळे निकालात निघाले. वकिलांचा हेतू शुद्ध परोपकाराचा होता असे आम्ही म्हणत नाही. पण लेखी सूचनेत किती सामर्थ्य असते, एवढा धडा त्यातून घेता येतो.

आता विचुंब्याकडे परत येऊ. आमच्या विद्यार्थ्याला उत्तर का मिळाले नाही, ते या गावाच्या अलीकडच्या इतिहासातच दडलेले आहे. विचुंबे हे रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्याचे एक खेडे. नवीन पनवेलला खेटून असलेले. जानेवारी २०१३ मध्ये विमानतळाच्या प्रभावक्षेत्राची, म्हणजे ‘नैना’ची आखणी होऊन सिडको तेथील नियोजन प्राधिकरण झाली. त्या क्षेत्रातील पहिल्या तेवीस गावांसाठी अंतरिम विकास आराखडा झाला. त्यात विचुंबे होते. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका स्थापन झाली. विचुंबे तिच्या हद्दीबाहेर राहिले. म्हणजे वस्ती शहराची, इमारती शहराच्या, भाव शहराचे; कारभाराला ग्रामपंचायत, नकाशाला सिडको, आणि या परिसरातील रस्त्यांना, ज्याचा जो असेल तो, कधी पंचायत, कधी जिल्हा परिषद, कधी सार्वजनिक बांधकाम खाते. प्रत्येकाची हद्द कागदावर रेखलेली असेलही. पण चाकाला हद्द दिसत नाही. अनेक मालकांचा रस्ता हा व्यवहारात बेवारशी रस्ता असतो.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. त्या विमानतळाच्या नावाने ज्या गावांचे नशीब वर्षानुवर्षे आखले गेले, त्यांतील माणसाला घराजवळचा खड्डा कोणाचा ते कळू नये, हा विकासाचा कोणता क्रम? पनवेलातच मुंबई-गोवा महामार्गाचा आरंभ होतो. पळस्पे ते इंदापूर या त्याच्या पहिल्या टप्प्याचे रुंदीकरण २०११ साली सुरू झाले आणि दशकाहून अधिक काळ रेंगाळले. गणपतीला गावी जाणाऱ्या प्रत्येक कोकणी माणसाने त्याची किंमत आपल्या कंबरेने आणि आपल्या चाकांनी मोजलेली आहे. तेव्हा रस्ता लहान असो की राष्ट्रीय, दुखणे एकच आहे: रस्त्याला कंत्राटदार आहे, उद्घाटक आहे, कोनशिला आहे, फक्त धनी नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. पहिली मागणी अशी की तालुक्यातील प्रत्येक रस्त्याच्या दोन्ही टोकांना एक पाटी हवी आणि तीवर हा रस्ता कोणाच्या ताब्यात आहे, कोणी केव्हा बांधला, दोषदुरुस्तीची कंत्राटदाराची जबाबदारी कोणत्या तारखेपर्यंत आहे आणि तक्रार कोठे द्यावयाची, एवढे मराठीत लिहिलेले असावे. दुसरी अशी की तक्रार चुकीच्या कार्यालयात गेली तर ती योग्य ठिकाणी पाठविण्याचे काम कार्यालयाने करावे, नागरिकाने नव्हे. तिसरी अशी की खड्ड्यामुळे वाहनाचे झालेले नुकसान नोंदविण्यासाठी प्रत्येक प्राधिकरणाने एक वही उघडावी आणि ती कोणालाही पाहता यावी. आणि चौथी अशी की ज्या खड्ड्याची लेखी सूचना मिळूनही तो ठरावीक मुदतीत भरला गेला नाही, त्याने नंतर मोडलेल्या प्रत्येक चाकाची वाजवी भरपाई रस्त्याच्या धन्याने द्यावी. दोषदायित्वाची मुदत चालू असेल तर ती कंत्राटदाराच्या अनामत रकमेतून वसूल करावी. मृत्यूच्या भरपाईसाठी जी व्यवस्था न्यायालयाने घालून दिली, तिचेच हे छोटे, पण आधी येणारे भावंड आहे.

याने तिजोऱ्या रिकाम्या होतील, अशी हाकाटी केली जाईल. ती खोटी आहे. एका चाकाच्या भरपाईत किती खड्डे वेळेवर भरून निघतील, याचा हिशेब कोणत्याही कनिष्ठ अभियंत्याने करून पाहावा. ज्याला चाकाचे पैसे द्यावे लागतील, तो खड्डा भरील. आणि खड्डा भरला म्हणजे चाकाचे पैसे द्यावे लागणार नाहीत. खोटे दावे येतील, हा दुसरा आक्षेप. येतीलही. पण लेखी सूचनेची अट, छायाचित्र आणि गॅरेजचे बिल एवढ्यांतून बहुतेक खोट्याची पारख होऊ शकते. खोट्या आजाऱ्यांच्या भयाने इस्पितळे बंद केली जात नाहीत.

न्यायाने बोलावयाचे तर आमच्या वाचकांनाही दोन शब्द ऐकविले पाहिजेत. आपल्या इमारतीच्या नळजोडणीसाठी रस्ता खोदला गेला तेव्हा तो नीट बुजविला की नाही, हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिले? बांधकामाची खडी-वाळू वाहणारे क्षमतेपेक्षा अधिक भरलेले डंपर आपल्याच दारावरून जातात. आपल्याला हव्या असलेल्या घरांसाठीच जातात. स्वतःचे चाक मोडेपर्यंत शेजाऱ्याच्या मोडलेल्या चाकाची आपण चौकशी केली नाही, हाही आपला एक खड्डाच आहे. रोज मरे त्याला कोण रडे, ही म्हण सरकारी अनास्थेला लागू आहे तशी मध्यमवर्गाच्या सहनशीलतेलाही लागू आहे. पैसे भरून मोकळे होणे हा आपला स्वभाव बनला आहे. पण पैसे भरून आपण एकटेच मोकळे होतो. खड्डा तेथेच राहतो, मागून येणाऱ्याची वाट पाहत.

आमच्या विद्यार्थ्याला आम्ही हेच उत्तर दिले. मोडलेल्या चाकाचे छायाचित्र काढा, खड्ड्याचे काढा, तारीख, वेळ आणि जागा लिहा, गॅरेजचे बिल जोडा. त्याच्या तीन प्रती करा आणि तिन्ही कार्यालयांत देऊन पोच घ्या. भरपाई मिळो वा न मिळो, ‘आम्हांस ठाऊक नव्हते’ असे म्हणण्याची सोय त्या दिवसापासून कोणालाही उरणार नाही. त्यांनी तसा अर्ज केला आहे. एका अर्जाने काही होत नाही, हे आम्ही जाणतो. पण विचुंब्यातून पन्नास आणि पनवेल तालुक्यातून हजार अर्ज पुढच्या पावसाळ्यापूर्वी गेले, तर तीच ती नोंदवही होईल. जी सरकारने उघडावयास हवी होती, ती नागरिकांनी उघडलेली असेल. उन्हाळा हाच रस्ते दुरुस्त करण्याचा काळ असतो आणि अर्ज करण्याचाही. पाऊस आल्यावर दोन्ही निरर्थक ठरतात.